तबकडीची दुसरी बाजू

'लेडी मॅडोना' हे बीटल्सचं गाणं मला शाळेपासून पाठ आहे. पियानोची ती ठुमकत येणारी सुरुवात, मध्येच तोंडाने काढलेले पितळी वाद्यांसारखे आवाज आणि मग खराखुरा सॅक्सोफोन. दादाने निळ्या कव्हरची '१९६७–१९७०' ही निवडक गाण्यांची कॅसेट काळ्या घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाऊसमधून आणली होती. ती इतकी वाजली की फीत दोनदा गुंडाळली गेली आणि दोन्ही वेळा आम्ही पेन्सिल घालून ती सरळ केली.

हेच गाणं मार्च १९६८मध्ये पहिल्यांदा बाजारात आलं ते सात इंची तबकडीवर. तिच्या मागच्या बाजूला दुसरं एक गाणं होतं, 'द इनर लाइट'. आमच्या कॅसेटवर ते नव्हतं, त्यामुळे माझ्या आयुष्यातही नव्हतं. ते मी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकलं तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. त्या गाण्यात गिटार नाही, ड्रम नाहीत, पियानो नाही. आहे ती शहनाई, सरोद, बासरी, पेटी आणि पखवाज. आणि ही सगळी वाद्यं १२ जानेवारी १९६८ला मुंबईत, फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत वाजली होती. दादाने कॅसेट घेतली त्या दुकानापासून ही जागा चालत दहा-बारा मिनिटांवर आहे.

हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्यांना मी इतकी वर्षं सातासमुद्रापलीकडचे समजत होते, त्यांच्यातला एक जण आमच्याच फोर्टात बसून गाणं करून गेला होता, आणि ते गाणं माझ्या सगळ्यात लाडक्या गाण्याच्या पाठीला पाठ लावून बसलं होतं. मग मी ठरवलं, की आपल्याला माहीत नसलेले, किंवा माहीत असून पुढे ढकललेले बीटल्स आता शांतपणे ऐकायचे. दोन वर्षं झाली. अजून संपलेले नाहीत.

आधी ही 'मागची बाजू' म्हणजे काय ते सांगते, कारण आता गाण्यांना बाजूच उरलेल्या नाहीत. सात इंची तबकडी मिनिटाला ४५ फेरे घ्यायची आणि तिच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचं एक गाणं मावायचं. पुढची बाजू म्हणजे रेडिओवर वाजावं, दुकानात मागितलं जावं म्हणून निवडलेलं गाणं. पण तबकडीला मागची बाजूही असणारच, ती कोरी ठेवता येत नाही. म्हणून तिथे आणखी एक गाणं यायचं. ते चाललंच पाहिजे असं ओझं त्याच्यावर नसे. शिवाय इंग्लंडमध्ये बीटल्स एकेरी तबकडीवरची गाणी बहुतेक वेळा मोठ्या अल्बममध्ये घेत नसत. त्यामुळे मागच्या बाजूचं गाणं कुठल्या अल्बममध्येही सापडायचं नाही. १९७३मध्ये लाल आणि निळा असे दोन प्रसिद्ध निवडक संच निघाले. आमच्यासारख्या पुढच्या पिढीचे बीटल्स म्हणजे हेच दोन संच. जवळजवळ आठ वर्षांत ध्वनिमुद्रित झालेली दोनशेहून अधिक गाणी, आणि त्यांतली ५४ आमच्या वाट्याला आली. अल्बमबाहेर विखुरलेली गाणी 'पास्ट मास्टर्स' या नावाने एकत्र झाली ती थेट १९८८मध्ये.

लाल संचात 'पेपरबॅक रायटर' आहे. त्याच्या मागच्या बाजूचं 'रेन' नाही. मी तिथूनच सुरुवात केली.

'रेन' पहिल्यांदा ऐकताना काहीतरी विचित्र वाटतं, पण काय ते सांगता येत नाही. ड्रम नेहमीपेक्षा मोठे वाटतात, जणू कातडं दुप्पट रुंदीचं आहे. गिटारच्या तारा जाड, ओल्या वाटतात. झांजेचा आवाज विरता विरत नाही. संथ गाणं आहे म्हणावं, तर रिंगो स्टारचा हात संथ नाही. तो मध्येमध्ये इतके झटपट तुकडे टाकतो की ते संथपणाशी जुळत नाहीत. स्वतःच्या वादनातलं हे आपलं सर्वोत्तम काम, असं रिंगो पुढे सांगत आला आहे.

त्याचं कारण टेपमध्ये आहे. वादकांनी हे गाणं वाजवलं ते चांगल्याच वेगात. ती टेप मग मुद्दाम कमी वेगाने फिरवली. टेपवरचा आवाज म्हणजे चुंबकीय नक्षी. टेप हळू फिरली की नक्षी यंत्राच्या डोक्याखालून सावकाश सरकते, ताल मंदावतो आणि सूरही उतरतो. वेग निम्मा केला तर मध्य सप्तकातला षड्ज मंद्रात जाईल. इथे तो थोडासाच कमी केला आहे. पण सूर उतरला एवढ्यावर हे थांबत नाही. कुठल्याही वाद्याच्या आवाजात त्याचा आकार दडलेला असतो. लहान ढोलकीची पोकळी उंच स्वरांना साथ देते, मोठ्या नगाऱ्याची खालच्या. टेप हळू केली की त्या आकाराच्या खुणाही खाली सरकतात, आणि आपल्या कानाला वाटतं वाद्यच मोठं आहे. जगात नसलेली वाद्यं त्या स्टुडिओत अशी तयार झाली. जॉन लेननच्या गळ्याला मात्र उलटा उपाय केला. तो गात असताना यंत्र हळू फिरवलं, म्हणजे नेहमीच्या वेगात ऐकताना आवाज जरा वर चढतो, धारदार होतो. खाली जडावलेला पाऊस आणि वर हा चकचकीत गळा.

२०२२मध्ये 'रिव्हॉल्व्हर' या अल्बमची मोठी आवृत्ती निघाली, तिच्यात 'रेन'चं वादन मूळ वेगात दिलेलं आहे. ते ऐकताना मी खुर्चीत सरळ झाले. चौघं जण अक्षरशः धावताहेत! ओळखीच्या संथ, कुंद गाण्याच्या आत इतकं तरतरीत गाणं पन्नासहून जास्त वर्षं लपलेलं होतं.

शेवटी आणखी एक गंमत आहे. गाणं संपत आलं की लेननचा आवाज एका अनोळखी भाषेत गाऊ लागतो. ती त्याचीच ओळ आहे, उलटी फिरवलेली. लेनन सांगायचा, की त्याने टेप घरी नेली आणि रात्री उशिरा यंत्रावर चुकून उलटी चढवली. निर्माते जॉर्ज मार्टिन सांगायचे, की ती कल्पना त्यांची. कल्पना कुणाचीही असो, उलट्या आवाजाचं मर्म समजायला तबल्यावरचा 'धा' आठवून पाहा. थाप पडते तो क्षण तीक्ष्ण, मग नाद हळूहळू विरतो. उलटं केलं की आधी कुठूनतरी कुजबुजत नाद येतो, फुगत जातो आणि ऐन भरात असताना कापल्यासारखा थांबतो. निसर्गात आघातानंतर नाद येतो, आघाताआधी कधीच नाही. म्हणून उलटा आवाज ऐकताना मन क्षणभर दचकतं. 'रेन'नंतर पुढच्याच महिन्यात 'आय ॲम ओन्ली स्लीपिंग' या झोपेवरच्या गाण्यात जॉर्ज हॅरिसनने हेच गिटारवर केलं. आधी सुरावट ठरवली, ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाजवली आणि टेप उलटी फिरवली. कित्येक तासांच्या खटपटीनंतर जांभई दिल्यासारखी गिटार मिळाली.

आता तारखांकडे पाहा. ६ एप्रिल १९६६ला 'टुमॉरो नेव्हर नोज' हे टेपच्या वळ्यांनी भरलेलं गाणं सुरू झालं. ११ तारखेला सतार आणि तबल्यावरचं 'लव्ह यू टू'. १३ तारखेला दुपारी ते पुरं करून लगेच 'पेपरबॅक रायटर'. १४ आणि १६ला 'रेन'. अकरा दिवस! पॉल मॅकार्टनी आणि हॅरिसन २३ वर्षांचे, लेनन आणि रिंगो २५चे. आणि काचेपलीकडे यंत्रं सांभाळणारा ध्वनिमुद्रक जेफ एमरिक होता अवघा २० वर्षांचा. त्या वयात मी कॉलेजच्या जर्नलमध्ये आकृत्या काढत होते.

या अकरा दिवसांतलं 'लव्ह यू टू' मला जुनं ठाऊक होतं. ठाऊक होतं आणि आवडत नव्हतं. आमच्या घरी सकाळी रेडिओवर भीमसेन असायचे, शेजारी सतारीचा क्लास चालायचा. दादाचं म्हणणं, सतार ऐकायची तर आपल्याकडे याहून थोर माणसं आहेत. मला ते पटलेलं होतं. त्यामुळे हॅरिसनची भारतीय वळणाची गाणी आली की आम्ही कॅसेट पुढे पळवायचो. आता वाटतं, तेव्हा आम्ही त्या गाण्यांची रविशंकरांशी तुलना करत बसलो आणि त्यांच्यात काय आहे ते ऐकलंच नाही.

'लव्ह यू टू'च्या सुरुवातीला सतारीच्या तारांवरून वरून खाली सोडलेला हात, स्वरमंडळ छेडावं तसा. मग तालाशिवायची थोडीशी आलापी. तबला आल्यावर गाणं लय पकडतं आणि शेवटी ती वाढते. म्हणजे रागमांडणीचा अख्खा क्रम तीन मिनिटांत. स्वर बहुतेक काफी थाटातले. २३ वर्षांच्या, सतार हातात घेऊन वर्षही न झालेल्या मुलाने आलाप, गत आणि द्रुत ही चौकट ओळखली आणि ती पॉप गाण्याच्या मापात बसवून पाहिली.

आणि तबला कुणाचा? 'रिव्हॉल्व्हर'च्या कव्हरवर नाव छापलंय: अनिल भागवत. अल्बमच्या मागच्या मजकुरात हे आडनाव दिसलं की मराठी माणूस थांबणारच. ही हकीकत भागवतांनी पुढे बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांच्या इतिहासकाराला सांगितली. लंडनमध्ये एशियन म्युझिक सर्कल नावाची संस्था होती, अयाना अंगडी आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांची. अंगडींचा फोन आला, की आज संध्याकाळी जॉर्जबरोबर वाजवायला मोकळे आहात का? कोण जॉर्ज, ते सांगितलं नाही. न्यायला रोल्स रॉइस आली, तेव्हा भागवतांना उमगलं की हे कुणाचं ध्वनिमुद्रण आहे. गाडी ॲबे रोडवर पोहोचली, तर स्टुडिओबाहेर ताटकळणाऱ्या मुलींची गर्दी. आत जॉर्जने त्यांना काय हवं ते सांगितलं आणि त्रितालाचं ठरलं. सोळा मात्रांचा आपला रोजचा त्रिताल.

या संस्थेबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण अशा बिनगाजलेल्या ठिकाणी बरेच धागे एकत्र येतात. १९६५मध्ये 'नॉर्वेजियन वुड'च्या वेळी हॅरिसनच्या सतारीची तार तुटली. तेव्हा बीटल्सकडून याच अंगडी दांपत्याला फोन गेला आणि ते तार घेऊन स्टुडिओत हजर झाले, असं सांगतात. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन या संस्थेचे अध्यक्ष होते, आणि पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार लंडनमध्ये योग शिकवायला जात तेव्हा त्यांची व्यवस्थाही ही संस्था पाही. उत्तर लंडनमधल्या एका घरातून हे सगळं चालायचं.

याच अंगडींमार्फत जून १९६६मध्ये हॅरिसनची रविशंकरांशी गाठ पडली. सप्टेंबरात तो सतार शिकायला मुंबईत आला आणि ताजमध्ये 'सॅम वेल्स' या नावाने उतरला. ओळखू येऊ नये म्हणून मिशा वाढवल्या होत्या. त्याचा उपयोग झाला नाही. हॉटेलखाली गर्दी जमली, वार्ताहर परिषद घ्यावी लागली आणि गुरुशिष्य काश्मीरला गेले.

त्या शिकण्याचं पहिलं मोठं फळ म्हणजे मार्च १९६७चं 'विदिन यू विदाउट यू'. ते 'सार्जंट पेपर' या जगप्रसिद्ध अल्बमवर आहे, तरी आडबाजूचंच म्हणायचं, कारण दुसऱ्या बाजूचं पहिलंच गाणं असूनही ते ओलांडून जाणारे चाहते मी कितीतरी पाहिलेत. मीही त्यातलीच. पाच मिनिटांचं हे गाणं हॅरिसनने रविशंकरांच्या आकाशवाणीसाठीच्या एका लांब रचनेवरून बेतलं. थाट खमाज. गायन त्रितालाच्या अंगाने जातं आणि मध्येच नुसत्या वाद्यांचा जो तुकडा येतो त्याला झपतालाचं वजन आहे, दहा मात्रांचं. पाश्चात्त्य पॉप ऐकणाऱ्याचा पाय चारच्या हिशेबाने हलत असतो, इथे तो चुकतो. आपला पाय मात्र सहज पडतो. हे लक्षात आलं तेव्हा मी एकटीच खोलीत दोन-तीन-दोन-तीन टाळी देत बसले होते, आणि मला विलक्षण आनंद झाला.

या गाण्यातली सगळ्यात अवघड कामगिरी कानाला जाणवतसुद्धा नाही. हॅरिसनच्या गळ्याबरोबर दिलरुबा चालतो, गवयामागे सारंगी चालावी तसा, एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेत घसरत. त्यावर जॉर्ज मार्टिनना आठ व्हायोलिनं आणि तीन चेलो चढवायचे होते. हे वादक स्वर अचूक धरून वाजवायला शिकलेले. दोन स्वरांमधल्या जागा त्यांनी कधी मोजलेल्याच नव्हत्या. मार्टिन आणि हॅरिसन यांनी त्यांच्याकडून एकेक घसर घोटून घेतली. गाणं ऐकताना दिलरुबा कुठे संपतो आणि व्हायोलिन कुठे सुरू होतं ते शोधून पाहा. मला अजून दर वेळी नक्की सांगता येत नाही.

वाजवणाऱ्या भारतीयांची नावं मात्र अल्बमवर आली नाहीत. अल्बमला पन्नास वर्षं होत आली तेव्हा शोध घेऊन ती पुढे आणली गेली. दिलरुब्यावर अमृत गज्जर आणि अण्णा जोशी, तानपुऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी. अण्णा जोशी! जगातल्या सर्वांत जास्त खपलेल्या अल्बमांपैकी एकावर एका अण्णांचा गज फिरतो आहे, आणि ते नाव आपल्यापर्यंत पोहोचायला अर्धं शतक लागलं.

आता पुन्हा फोर्टात येऊ. १९६७च्या शरदात हॅरिसन आणि लेनन ध्यानधारणेबद्दल बोलायला टीव्हीवर आले. त्या कार्यक्रमातल्या चर्चेत केंब्रिजचे संस्कृतचे अभ्यासक हुआन मास्कारो यांनीही भाग घेतला होता. हे मूळचे स्पेनमधल्या मायोर्का बेटाचे, भगवद्गीतेचे आणि उपनिषदांचे इंग्रजी अनुवादक. त्यांनी हॅरिसनला पत्र लिहिलं, सोबत स्वतः संपादित केलेलं पुस्तक पाठवलं आणि सुचवलं, की 'ताओ ते चिंग'च्या ४७व्या प्रकरणाला चाल लावून पाहा. घराचं दार न उघडताही जग जाणता येतं, असा त्या प्रकरणाचा आशय. म्हणजे विचार चिनी, तो सुचवणारा स्पॅनिश संस्कृतज्ञ, चाल लावणारा लिव्हरपूलच्या बसचालकाचा मुलगा. आणि वादक मुंबईचे.

मुंबईचे कसे, तर हॅरिसन तेव्हा 'वंडरवॉल' या चित्रपटाचं संगीत करत होता. एचएमव्ही ही बीटल्सच्या ईएमआय कंपनीचीच भारतातली शाखा. जानेवारी १९६८मध्ये, संक्रांत तोंडावर आलेली असताना, तो मुंबईला आला आणि पाचेक दिवस फिरोजशहा मेहता रोडवर ध्वनिमुद्रण चाललं. चित्रपटाचं काम झाल्यावर वादक समोर होतेच, म्हणून त्याने आणखी काही सुरावटी वाजवून घेतल्या. त्यांतली एक 'द इनर लाइट'ची. स्टुडिओ कंपनीच्या कचेऱ्यांच्या वर होता आणि बाहेरचा आवाज अडवण्याची सोय नव्हती. नीट ऐकलंत तर 'वंडरवॉल'च्या काही तुकड्यांत टॅक्सी जाताना ऐकू येतात, असं हॅरिसनने पुढे सांगितलं. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांचा इतका गलबला व्हायचा की काम थांबवावं लागायचं. ॲबे रोडवर पडलेली टाचणी ऐकू यावी अशा शांततेची सवय असलेला माणूस, आणि इथे चर्चगेटची लोकल गाठायला निघालेले कारकून.

गाण्याची रचना दोन चालींची आहे. आधी शहनाई, सरोद आणि पखवाज यांची लगबग, देवळाच्या नगारखान्याखालून जावं तशी. मग एकदम सगळं निवतं, पेटी आणि बासरी गळ्याला जागा करून देतात आणि गायन येतं. पुन्हा लगबग, पुन्हा शांती. घराबाहेरची वर्दळ आणि दार लावून घेतलेली खोली, असं मला प्रत्येक वेळी दिसतं. गायनाशिवायचं नुसतं वादन २०१४मध्ये आणि पुढे २०१८मध्ये प्रसिद्ध झालं आहे. ते ऐकलं की बासरी किती हळुवारपणे चाल सांभाळत होती ते कळतं. गळ्याखाली ती झाकली गेली होती.

गळा मात्र मुंबईचा नाही. ६ फेब्रुवारीला हॅरिसनने ॲबे रोडवर या वादनावर गायन केलं. चाल उंच जाते, आपला आवाज पोहोचेल का याची त्याला खात्री नव्हती. लेनन आणि मॅकार्टनी यांनी त्याला धीर दिला, आणि दोन दिवसांनी शेवटच्या ओळीला स्वतःचे सूर जोडले. ज्या ६ तारखेला हे गायन झालं त्याच दिवशी त्याच इमारतीत 'लेडी मॅडोना'वर सॅक्सोफोन चढले. माझ्या बालपणीचं गाणं आणि हे फोर्टातलं गाणं एकाच दिवशी आकार घेत होतं. हॅरिसनची रचना बीटल्सच्या एकेरी तबकडीवर येण्याची ही पहिलीच वेळ.

आणि ११ फेब्रुवारीला याच तबकडीच्या जाहिरातीसाठी चौघांचं स्टुडिओत चित्रीकरण झालं. कॅमेरे येणारच आहेत तर वेळ कशाला वाया घालवायचा, म्हणून त्यांनी तेवढ्यात नवं गाणं ध्वनिमुद्रित करून टाकलं, 'हे बुलडॉग'. म्हणजे 'लेडी मॅडोना'च्या फिल्ममध्ये दिसणारे हात भलतंच गाणं वाजवताहेत! १९९९मध्ये त्याच चित्रफितीला 'हे बुलडॉग' जोडलं, तेव्हा हात, ओठ, हसू सगळं जुळलं. ते चौघं इतक्या मोकळेपणाने एकत्र हसताना फार थोड्या ठिकाणी दिसतात. मी ती फिल्म किती वेळा पाहिली ते मोजलेलं नाही.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरातलं एक गाणं सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'लाँग, लाँग, लाँग', पुन्हा हॅरिसनचंच. पांढऱ्या कव्हरच्या दुहेरी अल्बमच्या तिसऱ्या बाजूच्या शेवटी, 'हेल्टर स्केल्टर'च्या गदारोळानंतर ते इतकं हळू सुरू होतं की अनेकांना बाजू संपली असं वाटतं. एका रात्रीत त्याचे ६७ टेक झाले. मॅकार्टनी ऑर्गनवर होता. ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरच्या लाकडी खोक्यावर कुणीतरी वाइनची बाटली ठेवलेली होती. गाण्याच्या शेवटी मॅकार्टनीचं बोट एका ठरावीक खालच्या स्वरावर पडलं आणि बाटली थरथरायला लागली. त्यांनी ती थरथर पुसली नाही. रिंगोने तिला ड्रमची थरथर जोडली, हॅरिसनने एक लांब हुंकार दिला, आणि गाणं तिथेच संपलं.

बाटली त्याच एका स्वराला का थरथरली? प्रत्येक वस्तूचा स्वतःचा एक कंप असतो. बाहेरचा आवाज बरोबर त्या कंपाशी जुळला, की प्रत्येक हिसका आधीच्यात मिळत जातो आणि वस्तू आपणहून हलू लागते. एसटीची एखादी खिडकी एका विशिष्ट वेगालाच खडखडते, वेग जरा वाढला की गप्प, ती याचमुळे. यालाच अनुनाद म्हणतात. आणि सतारीत पडद्यांखाली अकरा-तेरा तरफेच्या तारा असतात, त्यांचंही हेच. त्यांना बोट लावायचं नसतं. वर रागातला स्वर नेमका लागला की खालची त्या स्वरात मिळवलेली तार आपोआप बोलू लागते. हॅरिसनने दोन वर्षं सतार मांडीवर घेऊन त्या न छेडलेल्या तारांचं बोलणं ऐकलं होतं. बाटली थरथरली तेव्हा इतर कुणी ती उचलून बाजूला ठेवली असती.

'वंडरवॉल'च्या संगीताचा अल्बम १ नोव्हेंबर १९६८ला निघाला. बीटल्सपैकी कुणाचाही हा पहिला स्वतंत्र अल्बम, आणि त्यांच्या ॲपल कंपनीचा पहिलावहिला अल्बमही हाच. त्याच्या कव्हरवर वादकांची नावं आहेत. संतूरवर शिवकुमार शर्मा, तारशहनाईवर विनायक व्होरा, पेटी आणि तबलातरंगावर रिजराम देसाड, बासरीवर एस. आर. केंकरे. शहनाईवर शरद आणि हनुमान, ज्यांचं आडनाव इंग्रजीत 'जादेव' असं छापलं गेलं आहे. ते जाधव असणार, असं मला वाटतं.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी मी फिरोजशहा मेहता रोडवर गेले होते. साडेपाचला कचेऱ्या सुटायला लागल्या. १९६८मध्ये त्या जिन्यावरून उतरलेल्यांपैकी एखादे आजोबा आज गिरगावात किंवा ठाण्यात असतील. वरच्या मजल्यावर शहनाई वाजत होती आणि खाली आम्हाला हळू उतरा म्हणून सांगत होते, एवढं तरी त्यांना आठवत असेल का, ते मला विचारायचं आहे.